पिण्यालायक पाण्यातही जीव मरतात

मंडळी, पंचगंगेच्या प्रदूषणावर आपण कोल्हापूरकर पुष्कळ बोलतो. मैलापाणी, कारखान्यांचं सांडपाणी, जलपर्णी. मासे मरून तरंगले की पेपरात फोटो येतो. आज ज्या विषाबद्दल मला बोलायचं आहे ते म्हणजे कीटकनाशकं. त्या विषाला रंग नाही, आणि ते आपल्याच शेतातून नदीत जातं.

उसाची मुळं खाणारी हुमणी अळीच बघा; ती भुंगेऱ्याचं पिलू. वळीव पडला की भुंगेरे जमिनीतून वर येतात, तिन्हीसांजेला कडुनिंबावर, बाभळीवर बसतात. नंतर मादी मातीत अंडी घालते. अळी मुळं कुरतडते, ऊस पिवळा पडतो, आणि तेव्हा कुठं आपली धावाधाव सुरू होते. मग उसाच्या बुडात औषधाचं पाणी ओतायचं, म्हणजे आळवणी: क्लोरपायरीफॉस, फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड. दिवस कुठले? जून ते ऑगस्ट, आभाळ फाटल्यासारखं कोसळत असतं तेव्हाचे. इमिडाक्लोप्रिड पाण्यात सहज विरघळतं. सरीतून चरात, चरातून ओढ्यात. क्लोरपायरीफॉस मातीला धरून राहतं, म्हणून ते गढूळ पाण्याबरोबर जातं आणि पाणी संथ झालं की गाळात बसतं.

‘एवढ्या पुरात त्याचं काय उरतंय?’ असं लोक म्हणतात. युरोपात पिण्याच्या पाण्यात कुठल्याही एका कीटकनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आहे. हिशेब करा: एक ग्रॅम औषध एक कोटी लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेतं. आपल्या भारतीय मानकात क्लोरपायरीफॉसला लिटरमागे ३० मायक्रोग्रॅमपर्यंत मुभा आहे. आणि डाफ्निया, म्हणजे पाण्यातला पिसवेएवढा जीव, लिटरला एक मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी क्लोरपायरीफॉसने मरतो. कागदावर पाणी पिण्यालायक, पण त्यात माशाच्या पिलांचं खाणं शिल्लक नाही! मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. शेवाळ खाणारा जीव गेला की शेवाळ माजतं. चतुराच्या अळ्या डासांच्या अळ्या खातात. त्या मेल्या की डासांना रान मोकळं.

जपानच्या शिंजी सरोवराभोवती भातशेती आहे. तिथं १९९३ पासून इमिडाक्लोप्रिडच्या गटातली औषधं येऊ लागली. पाण्यातले बारीक प्राणीप्लवंग घटले, आणि वर्षाला सरासरी २४० टन मिळणारा स्मेल्ट मासा २२ टनांवर आला. २०१९ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. संशोधकांच्या मते, तो मासा घटला तो खाणं संपल्यामुळं.

शेतकऱ्याला दोष देऊन मोकळं होणं मला पटत नाही. हुमणीनं अख्खा फड बसतो, कर्ज डोक्यावर राहतं. पण २००२ मध्ये शेजारच्या सांगलीत उसावर लोकरी मावा ही रस शोषणारी कीड आली, पुढं आपल्याकडंही पसरली, तेव्हा ती आवरण्यात डिफा आणि मायक्रोमस या मावा खाणाऱ्या मित्रकीटकांचा मोठा वाटा होता. ऊस संशोधकांनी ते वाढवून शेतात सोडले.

हुमणीचा इलाजही भुंगेऱ्याच्या वेळीच करायला हवा. पहिल्या वळवानंतर सगळ्या गावानं मिळून प्रकाश सापळे लावा, झाडं हलवून भुंगेरे गोळा करा, रॉकेलमिश्रित पाण्यात मारा. एकट्याच्या शेतात करून उपयोग नाही, कारण भुंगेरा बांध ओळखत नाही. शेणखताबरोबर हुमणीला मारणारी मेटारायझियम बुरशी घाला. ओढ्याकडेचा पट्टा गवताला सोडा, तिथं आळवणी नको. पंप आणि बाटल्या ओढ्यात धुणं मात्र आजपासूनच थांबवा. ते धुतलेलं पाणी, ओढा-विहिरीपासून लांब, आपल्याच रानात जिरवा.