सूर्य भडकला आणि बँड मेला

6 सप्टेंबर 2017. कॅरिबियनमध्ये इर्मा चक्रीवादळ घुसलंय. रात्री ते बार्बुडा बेटावरनं गेलं तेव्हा वारे ताशी 285 किलोमीटरच्या आसपास होते, आणि सकाळी सव्वासातला वादळाचा डोळा सेंट मार्टिनवर. अशा वेळी टॉवर, केबल, लाइट कशाचाच भरवसा नसतो, भरवसा असतो तो शॉर्टवेव्हचा. मधे काहीच लागत नाही ना त्याला, सिग्नल वर जातो, आयनोस्फिअरला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांना लागून वळतो आणि हजारो किलोमीटरवर खाली उतरतो. वादळात हॅम लोक, म्हणजे हौशी रेडिओवाले, 14.325 मेगाहर्ट्झवर हरिकेन वॉच नेट चालवतात, नेट म्हणजे ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर सगळ्यांनी जमून निरोप द्यायचे-घ्यायचे, ते याच जोरावर.

आणि तिथल्या घड्याळात आठ वाजून दोन मिनिटं झाली तेव्हा सूर्यावरचा भडका, म्हणजे सोलर फ्लेअर, शिगेला पोचला. एक्स 9.3, एक्स हा भडक्यांचा सगळ्यात वरचा वर्ग, आणि हा 2005 नंतरचा सगळ्यात मोठा.

आता हे नीट बघा. भडक्यातले एक्स-रे येऊन 60 ते 90 किलोमीटर उंचीवरच्या डी थरात, म्हणजे आयनोस्फिअरच्या सगळ्यात खालच्या थरात घुसतात, तो थर एकदम दाट होतो आणि वर निघालेला सिग्नल वाटेतच गिळून टाकतो. हे फक्त उन्हातल्या अर्ध्या पृथ्वीवर होतं. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले, सूर्य कलला होता, पण कॅरिबियनमध्ये भर सकाळ. अटलांटिकवरच्या एका मालवाहू विमानाचा एचएफ, म्हणजे शॉर्टवेव्हवरचा, संपर्क दीड तास तुटल्याचं फ्रान्सच्या विमान वाहतूक खात्याने नंतर कळवलं. 10 तारखेला इर्मा फ्लोरिडावर होतं तेव्हा सूर्यावरच्या ज्या डागातून पहिला भडका उठला त्याच डागाने परत एक्स 8.2 मारला, परत एचएफ काही तास गेलं.

मग अंदाज कुठे होता? तर 11 वर्षांचं सौरचक्र तेव्हा उताराला लागलेलं, सूर्य शांत होत चाललेला. हा डाग, नंबर 12673, ऑगस्टअखेर साधासुधा होता आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बघता बघता वेडावाकडा वाढला. यंदा पाऊस किती हे सांगता आलं तरी मंगळवारी चारला छत्री लागेल का हे सांगता येत नाही, तसंच आहे हे. कॅनडातल्या पेंटिक्टनला रोज मोजतात तो सोलर फ्लक्स, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरींचा जोर, बघून वरचे बँड, म्हणजे जास्त फ्रिक्वेन्सीचे पट्टे, उघडतील का याचा चांगला अंदाज येतो, पण भडका कधी होणार हे त्यात नसतं. अमेरिकेतलं बोल्डरचं अंतराळ हवामान केंद्र पुढच्या 3 दिवसांसाठी भडक्याची फक्त टक्केवारी देतं, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही, एक्स-रे प्रकाशाच्याच वेगाने येतात, साधारण 8 मिनिटांत, म्हणजे भडका दिसला तेव्हा तो लागलेलाच असतो.

दुसरा तडाखा वेगळा. त्याच भडक्याबरोबर सूर्याने प्लाझ्माचा एक मोठा ढग फेकला, सीएमई म्हणतात त्याला. तो पोचला दीड दिवसाने आणि जी 4 दर्जाचं (जी 1 ते जी 5 मधलं) भूचुंबकीय वादळ झालं, म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळून निघालं. म्हणजे इथे वेळ मिळतो. पण वादळ किती जोराचं होणार हे त्या ढगातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलंय की नाही यावर ठरतं, आणि ते कळतं ढग एल-1 बिंदूवरच्या यानांपर्यंत आला की, पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने 15 लाख किलोमीटरवर. तिथून हातात उरतो अर्धा ते एक तास. आपलं आदित्य एल-1 जानेवारी 2024 पासून तिथेच आहे, त्यावर चुंबकीय क्षेत्र मोजणारा मॅग्नेटोमीटर आहे, आणि सूर्याचे अतिनील फोटो काढणारी सूट दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची, याचा मला खरंच अभिमान वाटतो.

जमिनीवरची मोजणी तर आपल्याकडे फार जुनी. सप्टेंबर 1859 च्या त्या प्रचंड सौरवादळाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली, पृथ्वीचं आडवं चुंबकीय क्षेत्र 1600 नॅनोटेस्लाच्या आसपास घसरलेलं, आजही शास्त्रज्ञ ती नोंद काढून बसतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून काम अलिबागला हलवलं, 1904 मध्ये, आणि ते अजून चालू आहे. जगभरच्या अशाच चुंबकीय वेधशाळांच्या नोंदींवरनं दर 3 तासांचा के इंडेक्स निघतो, 0 ते 9, चुंबकीय क्षेत्र किती ढवळलंय ते सांगणारा.

रेडिओवाल्याने हे दोन तडाखे वेगळे ओळखायला हवेत, कारण उपाय उलटे आहेत. भडक्यात खालच्या फ्रिक्वेन्सी आधी मरतात, तेव्हा वर सरकायचं, थोड्या वेळाने बँड आपोआप परत येतो. चुंबकीय वादळात सिग्नल वळवणारा वरचा एफ थर पातळ होतो, वरच्या फ्रिक्वेन्सी जातात, तेव्हा 20 मीटरचा बँड (14 मेगाहर्ट्झ) सोडून 40 मीटरवर (7 मेगाहर्ट्झ) उतरायचं, आणि हे एक-दोन दिवससुद्धा चालू शकतं. दोन्हीसाठीच्या पर्यायी फ्रिक्वेन्सी नेट सुरू करतानाच सगळ्यांना सांगून ठेवायच्या, कारण बँड मेल्यावर त्या सांगणार कशावर?