तक्रार मराठीत चालते, पण पोच घ्या! दिव्यांग पेन्शन, यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) अडकलं तर लेखी तक्रार कशी करायची

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, जिथून बघताय तिथून सगळ्यांना नमस्कार.

आमची आक्का खानापूर तालुक्यात राहते. लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही पायात कॅलिपर, घरातनं बस स्टॉपवर यायलाच अर्धा तास जातो. तिची पेन्शन अचानक बंद पडली. कचेरीत गेली तर काउंटरवरनं सांगितलं, मुंदिन वार बन्नी, म्हणजे पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात गेली, परत मुंदिन वार. असं पाच वेळा. दर वेळी रिक्षाचं भाडं, बरोबर एक माणूस, त्याचाही दिवस बुडाला. सहाव्या वेळी मी गेलो आणि खरं सांगतो, आवाज चढवला. काही झालं नाही. कारण त्या पाच फेऱ्यांचा आणि माझ्या ओरडण्याचा तिथं एका ओळीचाही कागद नव्हता, म्हणजे ऑफिसच्या लेखी आक्का तिथं आलीच नव्हती.

म्हणून पहिली गोष्ट, तोंडी सांगितलं ती तक्रार नव्हे. कागदावर लिहायचं, त्याची झेरॉक्स काढायची, मूळ कागद द्यायचा आणि झेरॉक्सवर शिक्का, तारीख, आवक नंबर घ्यायचा. ही पोच. पोच देत नाहीत म्हणाले तर भांडत बसू नका, तोच कागद स्पीड पोस्टनं त्याच अधिकाऱ्याच्या नावे पाठवा आणि पावती सांभाळून ठेवा.

आता भाषेचं. आपल्याकडं किती जण इथंच अडतात हो, कन्नड लिहिता येत नाही म्हणून अर्जच देत नाहीत, नाहीतर कुणाला तरी पैसे देऊन लिहून घेतात आणि त्यानं काय लिहिलंय तेही कळत नाही. राज्यघटनेचं कलम ३५० ऐका. राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत तुम्ही कुठल्याही अधिकाऱ्याकडं गाऱ्हाणं मांडू शकता. मराठीतही. पण माझा सल्ला, मराठी अर्जाखाली चार ओळी कन्नडमध्ये जोडा, शेजारच्या शाळकरी पोराकडनं लिहून घेतल्या तरी चालतील. हक्क आहेच, पण टेबलावरच्या माणसाला कागद लगेच वाचता आला तर फाईल लवकर हलते, आणि आपल्याला काम आक्काचं करून घ्यायचंय.

कुणाकडं द्यायचा? यात फार गोंधळ होतो. पेन्शन म्हणजे महसूल खातं, नाडकचेरी (तहसीलदाराच्या हाताखालचं होबळी पातळीवरचं ऑफिस) आणि तहसीलदार. सर्टिफिकेट आणि टक्केवारी म्हणजे सरकारी हॉस्पिटल. व्हीलचेअर, साहित्य असलं काही असेल तर जिल्हा दिव्यांग कल्याण अधिकारी. ग्रामपंचायतीनं दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखून ठेवायचा असतो, तो कुठं खर्च झाला हे पीडीओला, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्याला विचारायचं. आणि एक विनंती, गावात जे व्हीआरडब्ल्यू असतात, म्हणजे दिव्यांगांसाठीचे ग्राम पुनर्वसन कार्यकर्ते, त्यांच्यावर राग काढू नका. ते बहुतेक स्वतःच दिव्यांग असतात, तुटपुंज्या मानधनावर राबतात, मंजुरी त्यांच्या हातात नसते. उलट अर्ज लिहायला त्यांची मदत घ्या.

कायदा काय म्हणतो ते थोडं नीट ऐका. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम २३. प्रत्येक सरकारी ऑफिसात एक तक्रार निवारण अधिकारी नेमलेला पाहिजे, त्यानं तक्रारींचं रजिस्टर ठेवायचं, आणि तक्रार नोंदवल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करायची. पण हे कलम नोकरीत होणाऱ्या भेदभावाच्या तक्रारींसाठी आहे, पेन्शनसाठी नव्हे. तक्रार नोकरीतली असेल तर अर्जावर वरती स्पष्ट लिहा, कलम २३ खाली तक्रार, आणि रजिस्टरचा नंबर मागा. त्यात समाधान झालं नाही तर दिव्यांगांसाठीच्या जिल्हा समितीकडं जाता येतं. पेन्शनसारख्या बाकीच्या हक्कांसाठी बेंगळूरला दिव्यांगांचे राज्य आयुक्त, त्यांना दिवाणी कोर्टासारखं समन्स काढता येतं, आणि त्यांनी शिफारस केली की संबंधित खात्यानं तीन महिन्यांत काय केलं ते त्यांना कळवायचं असतं.

अर्ज नवाच असेल तर सकाल, म्हणजे ठरलेल्या मुदतीत सेवा द्यायचा कर्नाटकचा कायदा, विसरू नका. नाडकचेरीत अर्ज दिल्यावर जी पावती मिळते तिच्यावर पंधरा आकडी जीएससी नंबर (सकालचा अर्ज क्रमांक) असतो, मुदतही असते. मुदत उलटली की वरच्या अधिकाऱ्याकडं अपील, आणि उशिराची भरपाई दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५००. रक्कम किरकोळ आहे, पण उशीर कागदावर येतो. फोनवरनं गाऱ्हाणं नोंदवायचं तर जनस्पंदन, म्हणजे राज्य सरकारच्या तक्रार केंद्राचा १९०२. आणि वकील लागलाच तर दिव्यांग माणसाला मोफत मिळतो, उत्पन्न किती ते बघत नाहीत, १५१०० वर फोन करा.

आता अर्ज. (कागद कॅमेऱ्यासमोर धरून) आक्काचा हा एका पानात बसलाय, बघा. पेन्शन कुठल्या महिन्यापासून आली नाही. मी कुठकुठल्या तारखांना आले, काउंटरवर काय सांगितलं. माझी मागणी एकच, पेन्शन का थांबली त्याचं लेखी कारण द्या आणि ती चालू करा. खाली यूडीआयडी, आधार, पासबुकच्या पहिल्या पानाची झेरॉक्स. बस. रस्ता खराब आहे, ऑफिसला रॅम्प नाही, हेही खरंच आहे, पण त्याचा वेगळा अर्ज करा, नाहीतर पेन्शनची मागणी त्यात हरवते. आणि मूळ सर्टिफिकेट कुणाच्याही हातात सोडून येऊ नका, कितीही गोड बोलले तरी.

हा अर्ज दिल्यावर बाराव्या दिवशी लेखी उत्तर आलं. काय होतं त्यात? बँक खातं आधारला जोडलेलं नाही. एवढंच! पाच फेऱ्यांत हे एक वाक्य कुणी बोललं नव्हतं. आक्का बँकेत गेली, जोडून घेतलं, पुढच्या महिन्यापासून पेन्शन सुरू.

मधल्या महिन्यांचे पैसे अजून आलेले नाहीत. त्याचा दुसरा अर्ज मागच्या सोमवारी दिलाय, पोच ही बघा, तारीख आणि नंबर दिसतोय. दोन आठवडे उत्तराची वाट बघायची, नाही आलं तर राज्य आयुक्तांकडं जायचं ठरवलंय, तिथं काय होतं ते पुढच्या व्हिडिओत आक्का स्वतः सांगणार आहे.