जुन्या मूत्रपिंडाच्या नळ्या

[दृश्य: ठाणे, नौपाडा. पॅथॉलॉजी लॅबचा काउंटर, सकाळची गर्दी.]

काउंटरवर दोन डब्या. लघवीची डबी बिनधास्त सगळ्यांसमोर ठेवलेली. वीर्याची रुमालात गुंडाळून आणलेली, आणणारा मान वर करायला तयार नाही. शरीराच्या आत मात्र या दोघींच्या नळ्या एकाच घराण्यातल्या आहेत.

आधी मूत्रपिंड पाहू. एकेका मूत्रपिंडात साधारण दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक असतात आणि प्रत्येकाला एक नागमोडी नलिका. रक्तातून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळून या नलिकांत उतरतो. लघवी होते जेमतेम दीड-दोन लिटर. कपाट आवरताना आपण सगळं खाली काढतो आणि हवं तेवढंच परत लावतो, तसा हा कारभार. नलिकेचा पहिलाच भाग दोन तृतीयांश पाणी आणि मीठ परत घेतो, साखर तर जवळजवळ सगळी. मधुमेहात रक्तातली साखर फार वाढली की नलिका पुऱ्या पडत नाहीत आणि उरलेली साखर लघवीत जाते.

[दृश्य: तुर्भे एमआयडीसी, मे महिन्यातली दुपार.]

भट्टीजवळ पाळी काढलेल्या कामगाराची लघवी संध्याकाळी गडद पिवळी होते. घामावाटे पाणी गेलं की मेंदूतून एडीएच हे संप्रेरक सुटतं आणि शेवटच्या नलिका आणखी पाणी ओढून घेतात. ही धग वृषणांना मात्र सोसत नाही. त्यांना शरीरापेक्षा दोन-चार अंश थंड राहावं लागतं, म्हणून तर ती पोटाबाहेर असतात.

वृषणातल्या शुक्रजनक नलिकांच्या भिंतीत शुक्राणू घडतात. त्याला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. त्यामुळे मे महिन्यात येऊन गेलेला ताप वीर्याच्या जुलैच्या रिपोर्टात दिसू शकतो. अर्थात नवऱ्याची तपासणी झाली तर. मूल होत नसेल तर आपल्याकडे आधी बायकोच्याच तपासण्यांची फाइल जाड होते.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली वाहक नलिका.]

शुक्राणू वृषणातून निघतात ते भरपूर पाण्यात तरंगत. बाहेर पडताच त्यांना बारीक वाहक नलिका लागतात आणि तिथे यातलं बहुतेक पाणी शोषलं जातं. काम मूत्रपिंडाचंच, कारण या नलिकाही मुळात मूत्रपिंडाच्याच. गर्भात चौथ्या आठवड्याच्या सुमारास एक तात्पुरतं मूत्रपिंड तयार होतं आणि कायमचं आल्यावर विरून जातं. मुलग्यात त्याच्या काही नलिका टिकतात, त्याच या वाहक नलिका. त्याच्या मुख्य नळीला टेस्टोस्टेरॉन जगवतं आणि तिच्यातूनच अधिवृषणाची, म्हणजे वृषणाला चिकटून असलेल्या अवयवाची, सुमारे सहा मीटर लांब, वेटोळी नळी आणि पुढची शुक्रवाहिनी घडते.

वाहक नलिकांतलं हे शोषण इस्ट्रोजेनच्या आधाराने चालतं, ज्याला आपण सरसकट बायकांचं संप्रेरक म्हणतो. उंदरांच्या नरांमध्ये त्याचा संदेशच या नलिकांपर्यंत पोचू दिला नाही, तेव्हा पाणी वृषणात तुंबलं. वृषण आधी फुगलं, मग दाबाने आतल्या शुक्रजनक नलिका खराब झाल्या आणि त्या नरांना पिल्लं झाली नाहीत.