काळ्या टी-शर्टातलं मीठ

(दृश्य: दोरीवर वाळत घातलेला काळा टी-शर्ट)

हा सुती टी-शर्ट भरेल साधारण पावणेदोनशे ग्रॅम. त्याला हा काळाकुट्ट रंग चढवायला मूठभर मीठ लागलं आहे. आज त्यातला एक कणही कापडात नाही. मग ते मीठ गेलं कुठे?

सुती कापडासाठी आज बहुतेक ठिकाणी रिअॅक्टिव्ह रंग वापरतात. १९५६ साली इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने ते बाजारात आणले. हा रंग कापसाशी रासायनिक बंध जोडतो, म्हणून तो सहजासहजी सुटत नाही. अडचण आहे ती बंध जुळण्याआधीची. पाण्यात भिजलेल्या कापसावर ऋण भार असतो आणि विरघळलेल्या रंगावरही ऋणच. दोघं एकमेकांना दूर लोटतात. मीठ घातलं की हा जोर कमी पडतो आणि रंग धाग्याला येऊन चिकटतो. मग सोडा अॅश, म्हणजे धुण्याच्या सोड्याची पूड, टाकायची, की बंध पक्का.

गडद रंगाला लिटरमागे ६० ते ८० ग्रॅम मीठ पडतं. किलोभर कापडाला ८ लिटर पाणी धरा. म्हणजे एक किलो कापडामागे अर्धा किलो मीठ! आणि ते सगळंच्या सगळं पाण्यासोबत बाहेर पडतं. थोडा रंगही जातो, कारण त्यातला काही भाग कापसाऐवजी पाण्याशीच जोडला जातो. तो कितीही उकळला तरी कापडावर बसत नाही, गरम पाण्यात साबणाने धुऊन काढावा लागतो.

(दृश्य: नदीचं कोरडं पात्र, काठावर पांढरा थर)

ही तामिळनाडूतली नोय्यल. कोइंबतूरजवळ सह्याद्रीत उगम पावते आणि कावेरीला मिळते. वाटेत तिरुपूर लागतं, होजिअरीचं गाव. इथल्या रंगशाळांचं पाणी वर्षानुवर्षं या नदीत उतरलं. खाली ओरत्तुपाळयमचं धरण शेतीसाठी बांधलं होतं. त्यात हेच पाणी साठत गेलं, आणि धरणाचं पाणी आमच्याकडे सोडू नका, असं शेतकऱ्यांनाच सांगावं लागलं. शेतकऱ्यावर याहून वाईट वेळ कोणती येणार!

लाल-निळं पाणी दिसलं की लोक ओरडतात, आणि ओरडायलाच हवं. पण चुना, फेरस सल्फेट आणि जिवाणू वापरून रंग बराचसा काढता येतो. मीठ मात्र त्या सगळ्या टाक्यांमधून जसंच्या तसं पार होतं. पाणी नितळ दिसतं, आणि तेच पाणी शेतात फिरलं की त्यातला सोडियम मातीची घडण मोडतो. चिकणमाती घट्ट बसते, पाणी आत मुरत नाही.

अंगाला लागणाऱ्या रसायनांवर कायदे झाले. अमाइन नावाची कर्करोगकारक रसायनं सोडणाऱ्या अझो गटातल्या रंगांना जर्मनीने १९९४ साली आणि भारताने १९९७ साली अटकाव केला. ते आवश्यकच होतं. पण दुकानात कापड चोळून बघताना, त्यातून धुऊन गेलेल्या मिठाचा विचार आपल्या मनात येत नाही. इचलकरंजीचा शर्ट असो की सोलापूरचा टॉवेल, रिअॅक्टिव्ह रंग आला की मीठ आलंच.

(दृश्य: प्रक्रिया केंद्र, वाफेचे उंच नळ)

जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिरुपूरच्या रंगशाळा बंद करायला लावल्या. सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर जाणार नाही, ही अट. हजारो हात रिकामे झाले. त्यानंतर जी केंद्रं पुन्हा सुरू झाली, तिथे पाणी आधी आरओच्या, म्हणजे मीठ अडवणाऱ्या, पडद्यांतून दाबून काढतात. उरलेलं खारं पाणी वाफेवर आटवतात. त्याला इंधन लागतं, आणि तो खर्च कापडाच्या भावात सहज मावत नाही.

तळाशी मीठ सापडतं. त्यातलं स्वच्छ निघालेलं पुन्हा रंगाच्या मशीनमध्ये जातं, पुढच्या लॉटसाठी. उरतं ते मिश्र मीठ, मळकट, दोन-तीन क्षार एकत्र गोठलेलं. ते रंगाला चालत नाही आणि मातीत टाकता येत नाही. पोत्यांत भरून ते शेडमध्ये थप्पीला लावून ठेवतात.