ती आपलं नाव का सांगते?

(परदेशस्थ मराठी मंडळाच्या गोव्यात फोंड्याला झालेल्या हिवाळी मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आवरून.)

मंडळी, नमस्कार. आणि यंदा मेळावा इथे घेतलात म्हणून इथल्याच रीतीनं, देव बरें करूं.

दरवर्षी या मेळाव्यात 'वर्षातल्या आवडत्या तबकड्या' असा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम असतो. म्हणजे संग्राहक बोलतो आणि मंडळी सोलकढीचा वास कुठून येतोय ते शोधतात. यंदाची यादी तयार होती. काल संध्याकाळी तिची वाट लागली. मागच्या खोलीत मुलांसाठी ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या लावल्या होत्या. त्यात गोहरजान लागली, कलकत्त्याची जुनी गायिका. गाणं संपता संपता बाई ठसक्यात इंग्रजीत सांगते, माझं नाव गोहरजान. तुमच्यातलीच एक आठ वर्षांची पोर, जन्म तिकडचा, तिनं विचारलं, "ती आपलं नाव का सांगते? सांगायला दुसरं कुणी नव्हतं का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या माणसांनी कर्ण्यासमोर गाणी भरली आणि मूळ साचे तबकड्या काढायला जर्मनीत हानोफरला गेले. तिथल्या कामगाराला ठुमरी कळणार नव्हती, गाणारी कोण हे तर नाहीच. लेबल चुकू नये म्हणून गाणारणीनंच शेवटी नाव ओरडून सांगायचं. १९०८ पासून तबकड्या भारतातच निघू लागल्या आणि पुढे ही रीत गेली. दुसऱ्या प्रश्नाला मात्र काल कुणी तोंड दिलं नाही. चहा आला, बरं झालं.

तर यादी. सगळ्यात जास्त वाजली ती केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो'. हो, तीच, अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतली. १९७७ साली ती अंतराळात पाठवायची ठरली तेव्हा अमेरिकेत तिची प्रत मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय दुकानात सापडली. तेव्हा परदेशातल्या दुकानांना नावं ठेवू नका. आता थोडं तांत्रिक. यानावरची तबकडी मिनिटाला १६⅔ फेरे घेते. सुई सोबत दिली आहे, वाजवायची कशी ते आवरणावर आकृत्यांनी कोरलं आहे. आत एक नमस्कार मराठीतही आहे. पण गाणारी कोण, हे त्या आकृत्यांत नाही. व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

घरी ऐकायची तर गती आधी बघा. ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांची, तबकडी ७८लाच भरली असेल असं नाही, जुन्यांत तर मुळीच नाही. ७४ला भरलेली ७८वर लावली की आवाज जवळजवळ एक पूर्ण पट्टी चढतो. पेटीवरच्या पांढरी एकची काळी एक. मग आपण म्हणतो, काय पल्लेदार बारीक आवाज होता! आवाज नव्हता हो, मोटर होती. तानपुरा किंवा पेटी घेऊन बसा, साथीची पेटी कुठल्या पट्टीत बसते ते बघा, गती सूक्ष्म फिरवता येणारं यंत्र वापरा. सुई तीन मिलची, म्हणजे साधारण ७५ मायक्रॉन. एलपीची, म्हणजे पुढे आलेल्या जास्त वेळाच्या तबकडीची, सुई २५ मायक्रॉनपेक्षा जाड नसते. ती ७८च्या रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते आणि तुम्हाला फक्त खरखर ऐकू येते. भार साडेतीन ते पाच ग्रॅम. स्टिरिओ यंत्र असेल तर दोन्ही वाहिन्या एकत्र करून मोनो करा, निम्मी खरखर तिथेच जाते. आजोबांच्या ग्रामोफोनवर वाजवायचंच असेल तर लोखंडी सुई एका बाजूला एकच वापरायची, दुसऱ्या बाजूला नवी. सुईची डबी जपून जपून वापरणारे काटकसरी आजोबा आपल्या सगळ्यांच्याच घरी होते, आणि त्यांच्या तबकड्या आज करड्या पडल्यात त्या त्याच काटकसरीनं.

धुण्याबद्दल मागच्या वर्षी सांगितलं होतं, तरी दोघांनी स्पिरिट वापरलंच. ७८ची तबकडी लाखेची असते. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. खाच पुसली, गाणं पुसलं. डिस्टिल्ड पाणी, त्यात दोन-तीन थेंब सौम्य साबण, मऊ ब्रश खाचेच्या दिशेनं, लेबल कोरडं ठेवून, आणि लगेच पुसून उभी वाळवायची. भिजत घालायची नाही. काहींच्या पोटात कागद असतो, तो फुगतो. आणि गोव्याचा पावसाळा तुम्हाला सांगायला नको. बुरशी आधी बाहेरच्या कागदी पाकिटाला धरते, तिथून तबकडीला. पाकीट बदला, जुनं वेगळं जपून ठेवा, कारण त्यावर कुणाच्या तरी अक्षरात काहीतरी लिहिलेलं असतं.

दुसरी आवडती, मोगूबाई कुर्डीकरांची. तबकड्या थोड्याच आहेत, आणि ज्या आहेत त्यांत बाई तीन मिनिटांत रागाचं सगळं घर दाखवून दार लावून घेतात. इथे काल त्या पोरीला कुणीतरी लेबल वाचून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. केरीची केरकर. कुर्डीची कुर्डीकर. मालप्याची अंजनीबाई मालपेकर. ज्या बायकांना बापाचं नाव लावायची सोय समाजानं ठेवली नव्हती, त्यांनी गावाचं लावलं आणि गाव मोठं करून ठेवलं. केरी इथून गाडीनं हाकेच्या अंतरावर आहे. कुर्डी साळावली धरणाखाली आहे. मे महिन्यात पाणी उतरलं की चौथरे दिसतात, पाऊस आला की पुन्हा जातात. बाकीचे दहा-अकरा महिने ते गाव लेबलवरच असतं म्हणा.

तिसरी किशोरीताई आमोणकरांची 'सहेला रे', राग भूप. इथे तीन मिनिटांची घाई नाही, एलपीच्या बाजूवर वीस-बावीस मिनिटं मिळतात. याबद्दल जास्त बोलत नाही, अर्धं सभागृह आत्ताच गुणगुणायला लागलं आहे. फक्त एक. एलपी प्लॅस्टिकच्या पीव्हीसी पाकिटात ठेवू नका, उकाड्यात तबकडीवर ढगासारखे डाग पडतात. पॉलिथीन चालतं. उभ्या ठेवा, तिरक्या नाहीत. मे महिन्यात बंद गाडीत तर तासभरही नाही.

चौथी, 'मत्स्यगंधा'ची नाट्यपदं. गोवा हिंदू असोसिएशनचं नाटक, १९६४, संगीत आपल्या मंगेशीच्या अभिषेकीबुवांचं. यातलं रामदास कामतांचं पद लागलं की आपली पिढी लगेच कुणी कुठल्या रांगेत बसून कितवा वन्समोअर ऐकला त्यावर भांडते. भांडा. पण ऑर्गन कोण वाजवतंय, तबला कुणाचा, हे विचारलं की शांतता. अशा बऱ्याच तबकड्यांवर ते छापलेलंच नसतं.

पाचवी मराठी नाही, म्हणून कपाळाला आठ्या घालू नका. ख्रिस पेरी आणि लोर्ना यांची कोंकणी गाणी, ४५ गतीची. गोव्यातल्या कुठल्याही जुन्या घराचा खोका उघडा, दीनानाथांच्या पदाखाली लोर्ना निघतेच. भाषेचा वाद आपण केला, खोक्यानं नाही केला.

तुम्ही हे सगळं तिकडे नेणार, म्हणून बॅगेचा हिशेब. दहा इंची एक तबकडी दोनशे ग्रॅमच्या आसपास, जाड असेल तर जास्त. चाळीस घेतल्या की आठ-नऊ किलो. तेवीस किलोत कोकम, पापड, काजू आणि केसरबाई हे जमत नाही. केसरबाईंनी बिचाऱ्या पापडांसाठी जागा सोडलेली बघितली आहे. चेक-इनमध्ये टाकू नका. दोन कडक पुठ्ठ्यांत पाच-पाच बांधा, हातात न्या. नाहीतर इथेच संगणकात भरून घ्या. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, खरखर न काढता. मूळ फाइल तशीच ठेवायची, साफसफाई तिच्या प्रतीवर. आणि फाइलच्या नावात गाणारं, साथीदार, राग, लेबल क्रमांक आणि आतल्या कड्याजवळ कोरलेला साचा क्रमांक, पाचही. लेबल बदलतं, साचा क्रमांक बदलत नाही.

आता बोलायचं ते, ज्यासाठी यादी आखडती घेतली. आपल्या मंडळाच्या चाळीसेक कॅसेटी एका सभासदाच्या गॅरेजमध्ये आहेत. गणपती, दिवाळी, आलेल्या पाहुण्यांच्या बैठकी, घुमट हे मातीचं वाद्य वाजवत म्हटलेल्या आरत्या. लोर्नाचं नाव लेबलवर आहे, मोगूबाईंचं गाव लेबलवर आहे. आपल्या कॅसेटींवर काय लिहिलंय? 'दिवाळी'. 'दिवाळी २'. 'चांगलं'. एकावर 'पुसू नये' असं लाल शाईत आहे आणि ती अर्धी पुसलेली आहे. ज्या माणसांनी नावं घालायची ती आपण सगळी, जेवणाचा हिशेब मात्र १९९० पासूनचा चोख आहे.

त्या वाजवण्याआधी एकदा पुढे, एकदा मागे पूर्ण फिरवून घ्या, फीत सैल होते. कप्प्यातली छोटी स्पंजची गादी पडली असेल तर आवाज मधूनमधून बुडतो. गादी दुसऱ्या कॅसेटमधून काढून लावता येते. आवाज नुसताच मंद, दबका असेल तर फीत बिघडलीय असं धरू नका, बहुतेकदा यंत्रातल्या फीत वाचणाऱ्या हेडचा कोन जुळत नाही. हेडशेजारचा स्क्रू अगदी पाव वेढा फिरवत ऐका, स्पष्ट झालं की थांबा. १२० मिनिटांच्या कॅसेटींना मात्र हात लावू नका, फीत इतकी पातळ की यंत्र खाऊन टाकतं. त्या जाणकाराकडेच द्या.

त्या चाळीसेक कॅसेटींतल्या सात भरून झाल्या. 'चांगलं' लिहिलेल्या कॅसेटमध्ये एक बाई भैरवी गातात. आवाज तयार आहे, थकलेला आहे, तंबोरा किंचित उतरलेला. शेवटी टाळ्या, कुणीतरी पुरुष "वा" म्हणतो, आणि फीत संपते. त्या नाव सांगत नाहीत. सांगायला तिथे आपण होतो.

यंत्र मागच्या खोलीत आहे, कॅसेट लावून ठेवली आहे. जेवणाआधी दोन मिनिटं तिकडून जा. आवाज ओळखता आला तर त्या पोरीला सांगा, तिच्या हातात पेन्सिल दिली आहे. सकाळपासून नऊजण येऊन गेले. कागद अजून कोरा आहे.