हिशेब जुळला का? शाळकरी मुलांचा पैशांचा सराव

शिक्षक आणि पालक मंडळी,

तिसरी ते सातवीच्या मुलांकडून पैशांचा हिशेब कसा करून घ्यावा, एवढाच आजचा विषय. पुस्तकात या विषयाची उदाहरणं भरपूर आहेत, पण तिथे उत्तर आलं की काम संपतं. व्यवहारात उत्तर आल्यावर हातातली रोकड मोजायची असते आणि ती उत्तराशी जुळवायची असते. जुन्या लोकांचा यासाठीचा शब्द ‘ताळा’. मुलांना नेमकं हेच शिकवायचं राहून जातं.

सुरुवात मोड परत देण्यापासून करू. १३७ रुपयांची खरेदी, दिली २०० ची नोट, परत किती? मूल उभी वजाबाकी मांडतं. शून्यातून ७ जात नाहीत, दशकही शून्य, म्हणून शतक सुटं करावं लागतं. इथे अडलेली कित्येक मुलं खालच्या मोठ्या अंकातून वरचा लहान अंक वजा करतात: ७ तून शून्य गेलं ७, ३ तून शून्य गेलं ३, २ तून १ गेला १. उत्तर येतं १३७. जेवढ्याची खरेदी तेवढेच पैसे परत, आणि यात काही चुकलंय असं त्याला वाटतही नाही.

दुकानदार अशी वजाबाकी करत नाही. तो पुढे मोजत जातो. १३७ ला ३ दिले, १४०. त्याला १०, दीडशे. त्याला ५०, दोनशे. नोटा-नाणी हातावर ठेवता ठेवता ६३ पूर्ण होतात आणि ताळाही त्यातच होऊन जातो. आधी आठवडाभर ही पद्धत फक्त तोंडी करून घ्यावी, वही उघडूच नये. ती जमली की पुढची पायरी: २०० च्या जोडीला ७ सुटे दिले तर काय परत येईल? सरळ ७०. आपण जास्त पैसे का देतोय, हे मुलाला सांगता आलं पाहिजे.

या सरावासाठी खेळातल्या नोटा पुठ्ठ्याच्या चालतील, नाणी मात्र खरीच घ्या. चार मुलांच्या गटाला १ रुपयाची १० नाणी, २ ची ५, ५ ची ४, आणि १० च्या १०, २० च्या ५, ५० च्या ४, १०० च्या ५ नोटा द्या. एकूण ९४० रुपये. सगळ्यांकडे शंभराच्या नोटांचा ढीग आणि खाली भरपूर चिल्लर असेल, तर मोड करायची गरजच पडत नाही. म्हणून मधूनमधून एखाद्या गटाची सगळी पाचाची नाणी काढून घ्या. मग खरी डोकेफोड सुरू होते.

आता आपल्या भाषेतून येणाऱ्या चुका. यांच्याकडे फार कमी लक्ष जातं. ‘त्रेचाळीस’ म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि चाळीस नंतर, म्हणून मूल ३४ लिहितं. ‘एकोणसाठ’मध्ये साठ ऐकू येतात, मग ५९ च्या जागी ६९ पडतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २१ साठी ‘वीस एक’ असं वाचन आलं, तेव्हा राज्यभर वाद झाला. अंक समजण्यासाठी ‘चाळीस तीन’चा उपयोग होतो, पण भाजीवाली ‘त्रेचाळीस झाले’ असंच म्हणणार. तेव्हा ऐकून लिहिण्याचा सराव हवाच. रोज दहा रकमा तोंडी सांगा, मुलांनी त्या अंकांत लिहाव्यात आणि तेवढे पैसे गटाच्या नोटा-नाण्यांतून काढून ठेवावेत.

तसंच दीड, अडीच, सव्वा, पाऊण यांचं. दीड किलो म्हणजे १५०० ग्रॅम, पण दीडशे ग्रॅम म्हणजे १५०. अडीच किलो आणि अडीचशे ग्रॅम यांत दहापट फरक आहे. कांदा ४८ रुपये किलो असेल तर निम्मे २४, त्याचे निम्मे १२, म्हणजे पाव किलोला १२. पाऊण किलोला २४ आणि १२ मिळून ३६, सव्वा किलोला ४८ आणि १२ मिळून ६०. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वाचे पाढे, पाठ करण्यामागे हाच हिशेब होता. आज ती पाठ करायला लावावी असं नाही, पण दोनदा निम्मं करणं मुलाला झोपेतही आलं पाहिजे.

दशांश चिन्हाची एक चूक सातवीपर्यंत टिकते. कॅल्क्युलेटरवर १०.५ दिसलं की मूल ‘दहा रुपये पाच पैसे’ वाचतं. ते दहा रुपये पन्नास पैसे आहेत. पाच पैसे असते तर १०.०५ लिहावं लागलं असतं. रुपयांच्या हिशेबात दशांश चिन्हानंतर नेहमी दोन अंक लिहायचे, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

अंदाजपत्रक शिकवायला शाळेतल्या बालआनंद मेळाव्यासारखी संधी नाही. भेळेच्या ४० प्लेटांचा हिशेब घेऊ. भाव तुमच्या गावचे घाला, मी सोपे आकडे धरतो. चुरमुरे २ किलो १६० रुपये, फरसाण १ किलो २००, कांदे २ किलो ६०, टोमॅटो १ किलो ३०, चिंच-गूळ ६०, कोथिंबीर १०, कागदी प्लेटा ४०. बेरीज ५६०. एका प्लेटला १४ रुपये पडले, म्हणून मुलं १५ रुपये दर ठरवतात आणि ‘४० रुपये नफा’ म्हणून मोकळी होतात. त्यांना विचारा, किती प्लेटा खपल्या म्हणजे घातलेले पैसे निघतील? १५ च्या दराने ३८, २० च्या दराने २८. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले की दर ठरवणं म्हणजे काय ते मुलांना दिसतं.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे घरून आणलेला माल फुकट धरणे. आईने कांदे दिले म्हणून ते ६० रुपये खर्चात येत नाहीत आणि नफा फुगतो. घरातल्या वस्तूची बाजारभावाने किंमत लिहायचीच.

दुसरी चूक गल्ल्याची. सकाळी सुट्या पैशांसाठी १०० रुपये गल्ल्यात टाकलेले असतात, संध्याकाळी तेही विक्रीत मोजले जातात. आणि हल्ली काही पालक क्यूआर कोडवर पैसे देतात, ते बाईंच्या खात्यात जातात आणि गल्ल्यात दिसत नाहीत. म्हणून ताळा प्लेटांवरून घ्यावा. ४० आणल्या, २ उरल्या, म्हणजे विकल्या ३८. १५ च्या दराने विक्री ५७०. त्यातले ९० यूपीआयने आले, तर रोख ४८०. सकाळचे १०० धरून गल्ल्यात ५८० हवेत. मोजल्यावर ५६५ भरले तर १५ ची तूट, म्हणजे नेमकी एक प्लेट. कुणी उधार खाल्ली, की प्लेट फाटून वाया गेली? मुलं स्वतःच शोधायला लागतात.

घरच्या खर्चाच्या वहीला पाच रकाने पुरेत: तारीख, तपशील, जमा, खर्च, शिल्लक. खर्च त्याच दिवशी लिहायचा. रविवारी आठवून लिहिलेल्या वहीत ‘इतर’ नावाची मोठी रक्कम येते आणि ती वही काहीच सांगत नाही. यूपीआयने मोठ्यांनी मुलासाठी काही घेतलं तर तीही नोंद त्याच वहीत हवी, नाहीतर पेन्सिल-पॅटीस आपोआप मिळतात असं मुलाला वाटत राहतं.

आठवड्याच्या शेवटी शिल्लक जुळली नाही तर आकडा दामटून जुळवू देऊ नका, रागावूही नका. आधी फरक किती ते काढायला सांगा. फरकाला ९ ने भाग जात असेल तर बहुधा अंक उलटे पडले आहेत: ४३ च्या जागी ३४ लिहिले, फरक ९. शून्य गळलं तरी तसंच होतं: ५० ऐवजी ५, फरक ४५. ९ ने भाग जात नसेल आणि फरक सम असेल तर त्याचा निम्मा करून ती रक्कम वहीत शोधा. २० रुपयांचा खर्च चुकून जमेत गेला तर फरक ४० चा पडतो. यातलं काहीच सापडलं नाही, तर तपशिलात ‘फरक’ असं सरळ लिहून रक्कम टाकायची आणि पुढच्या आठवड्याची शिल्लक हातातल्या रोकडीपासून सुरू करायची.