भीमाची कात

(दृश्य: उन्हात झळाळणारे पत्रे. आतून यंत्रमागांचा खडखडाट.)

मे महिना. सोलापूरचा पूर्व भाग. पारा ४२ च्या पुढे. एका मागवाल्याच्या घरात, कपाटाच्या खालच्या खणात प्लास्टिकचा डबा आहे. आत भीमा. चिली रोझ जातीचा टॅरॅन्टुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, मूळ चिलीच्या कोरड्या झुडपी भागातला. बरेच दिवस त्याने किड्याला तोंड लावलेलं नाही. पोटावरचा केस झडलेला भाग काळा पडलाय. आणि आज सकाळी तो चक्क पाठीवर, आठही पाय वर.

"मेलं की रे तुझं!" आई म्हणते.

मेलेला कोळी बहुधा पाय पोटाखाली मुडपून पडतो. भीमा कात टाकतोय.

(दृश्य: आजोबांचे हात, ताण्याचे धागे.)

या घराला ओलीचं महत्त्व सांगायला नको. हवा कोरडी पडली की सुती धागा तुटतो, म्हणून आजोबा उन्हाळ्यात मागाखाली पाणी मारायचे. नातवाने तीच अक्कल डब्यावर चालवली. गेल्या उन्हाळ्यात हवेची भोकं चिकटपट्टीने बुजवली आणि दिवसातून दोनदा फवारा. थोड्याच दिवसांत कोकोपीटला, म्हणजे खाली पसरलेल्या नारळाच्या भुशाला, कुबट वास, पाणवाटीच्या काठावर टाचणीच्या टोकाएवढे माइट्स नावाचे जीव, आणि भीमा बिचारा ओली जमीन सोडून भिंतीला चिकटलेला.

कात निघते ती पोटातल्या ओलीवर. जुन्या कातडीखाली नवी तयार होते आणि दोन्हींच्या मध्ये शरीरच द्रव सोडतं. मग पोटातलं रक्त पुढच्या भागात जोराने चढतं आणि पाठीवरचं कवच झाकणासारखं उघडतं. हे पाणी येतं भक्ष्यातून आणि पाणवाटीतून. म्हणून आता वाटी कायम भरलेली, भोकं उघडी. दमट जंगलातल्या जातींना माती ओलसर लागते हे खरं, पण कोंडलेली हवा त्यांनाही सोसत नाही.

(दृश्य: अगदी जवळून. एकेक पाय जुन्या पायातून निसटतोय.)

तंग हातमोजा काढावा तसं. काही तास चालतं. हात लावायचा नाही, उलटवायचं नाही. डब्यात रातकिडा राहिला असेल तर आधीच काढायचा. या अवस्थेत तोच कोळ्याला कुरतडतो.

संध्याकाळी भीमा सरळ होतो. सुळे पांढरे, मऊ. ते लाल होऊन पुरते काळे पडेपर्यंत जेवण नाही.

(दृश्य: बशीत भिजवलेली कात.)

पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब. पोटाकडची चुरगळलेली कात नातू कुंचल्याने उलगडतो. फुप्फुसांच्या चार पांढऱ्या खुणा दिसतात. वरच्या दोन खुणांच्या मधोमध एक बारीकशी घडी. म्हणजे मादी! नाव बदलायची गरज नाही, नदीचंच आहे ते.

मादी वीस वर्षंही जगते, असं तो आजोबांना सांगतो.

आजोबा चष्मा वर करतात. "मग रेशन कार्डावर घे की तिला."